कानकोंडं कुणी व्हायचं?

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला आपल्या भाषेची लाज वाटते, या मताला आता पुरावा लागत नाही. पुण्या-ठाण्याच्या कुठल्याही मंगल कार्यालयात, भिलाईहून आलेल्या पाहुण्यांच्या देखत, ते निर्धास्तपणे मांडलं जातं. एखादा पंधरा वर्षांचा मुलगा वाढायला आलेल्या मामींना सांगतो, "मी जेवून राहिलो ना, अजून नको." आधी पंगतीत हशा पिकतो. मग कुणीतरी काका कळवळतात. आणि बासुंदीची वाटी रिकामी व्हायच्या आत निदान तयार असतं: बाहेर राहून या मुलांना मराठीची लाजच वाटायला लागली आहे. मुलगा पुढचे दोन दिवस हिंदीत बोलतो, नाहीतर बोलतच नाही. काकांचं निदान खरं ठरतं.

मी भिलाईची. पोलाद कारखान्याच्या सेक्टरांमध्ये वाढलेली, आईवडील विदर्भातून आलेले. हे निदान ऐकून ऐकून कान किटले, म्हणून हा प्रतिवाद. पण आधी ते मत त्याच्या पूर्ण थाटात मांडते, म्हणजे सोयीचं तेवढं उचललं असं कुणी म्हणायला नको.

मत असं आहे. मराठी माणूस सीमा ओलांडतो आणि दोन पिढ्यांत भाषा टाकतो. भिलाईत बंगाली बंगालीच राहतो, तेलुगू तेलुगू, मल्याळी मल्याळी. आपलाच तेवढा हिंदीत विरघळतो, कारण त्याला मुळात स्वाभिमान नाही. घरात जी थोडी मराठी उरते ती हिंदीची उष्टी. असली भेसळ तोंडातून काढताना खरं तर जिभेला लाज वाटायला हवी, पण तीही या लोकांना वाटत नाही. आणि आपण चारचौघांत चूक दाखवतो, थोडं हसतो, ते त्यांच्या भल्यासाठीच. लाज वाटली तर सुधारतील.

या एका परिच्छेदात किती लाजा झाल्या, मोजा. आम्हांला मराठीची लाज वाटते, हा आमचा गुन्हा. आम्हांला आमच्या मराठीची लाज वाटत नाही, हाही गुन्हा. आणि इलाज काय, तर आणखी लाज. आम्ही नक्की लाजावं की लाजू नये, एवढं तरी एकदा ठरवून कळवावं.

गोंधळ भाषेतला नाही, वापरणाऱ्याच्या आळसातला आहे. मराठीत या भावनेसाठी शब्दांची काही वाण नाही. माणूस लाजतो, शरमतो, खजील होतो, ओशाळतो, वरमतो, संकोचतो, अवघडतो, कानकोंडा होतो. या प्रत्येकाची जागा वेगळी आहे. केलेली लबाडी उघडी पडली की माणूस ओशाळतो. आवाज चढवून बोलला आणि समोरच्याने शांतपणे उत्तर दिलं की वरमतो. परक्या घरात कुठे बसावं कळत नाही तेव्हा अवघडतो. आणि स्वतःची काही चूक नसताना, केवळ सगळे आपल्याकडेच बघताहेत म्हणून जीव नकोसा होतो, तेव्हा तो कानकोंडा होतो. एवढी सूक्ष्म वाटणी ज्या भाषेने करून ठेवली, तिचे स्वयंघोषित राखणदार सगळ्यांवर 'लाज' हा एकच शिक्का मारतात. भेसळ म्हणायची तर या सरमिसळीला म्हणा.

भरताच्या नाट्यशास्त्रात तेहतीस व्यभिचारी भाव आहेत, त्यांत व्रीडा एक. ती उपजते अकार्यातून, म्हणजे करू नये ते केल्यामुळे. खरी लाज कशी असते याचा नमुना हवा असेल तर तो छत्तीसगडच्याच इतिहासात आहे. हिंदी लेखक-संपादक माधवराव सप्र्यांना १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. घरच्यांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी माफी लिहून दिली आणि ते सुटले. त्यानंतर हा माणूस लोकांतून उठला आणि रामदासी मठात जाऊन राहिला. ती लाज. तिला कारण होतं, ते कारण त्यांच्या स्वतःच्या हातून घडलं होतं, आणि कुणी समोर नसतानाही ती त्यांना छळत होती.

आता त्या पंगतीतल्या मुलाकडे पाहा. त्याचं अकार्य कोणतं? घरी आई बोलते तसं तो बोलला. त्याच्या घरी, भिलाईत, हेच वाक्य तो दिवसातून दहा वेळा बोलतो आणि त्याच्या कानाची पाळीही लाल होत नाही. डार्विनने १८७२ च्या आपल्या ग्रंथात चेहरा लाल होण्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं. त्याचा निष्कर्ष असा की दुसरे आपल्याबद्दल काय विचार करत असतील, या विचाराने माणूस लाल होतो. म्हणजे यासाठी प्रेक्षक लागतो. या मुलाला कानकोंडा करणारे प्रेक्षक कोण होते? हिंदी भाषक नव्हते. छत्तीसगढी नव्हते. पंगतीत सगळे अस्सल मराठी होते! हसले तुम्ही, कानकोंडं केलंत तुम्ही, आणि निदानाच्या कागदावर रोगी म्हणून नाव त्याचं.

बरं, त्याचं मराठी हिंदीचं उष्टं आहे, हा दुसरा आरोप. 'करून राहिलो' ही घडण हिंदीच्या शेजाराने आली, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. आली असेल. पुढे काय? दुर्गला गाडीत बसलं की राजनांदगाव लागतं, डोंगरगड लागतं, मग महाराष्ट्र सुरू होतो आणि गोंदिया येतं. 'करून राहिलो' मात्र गोंदियाला उतरत नाही. ते नागपूरला चहा पितं आणि पुढे वऱ्हाडात जातं. महाराष्ट्राच्या उपराजधानीत चालतं ते भिलाईत भ्रष्ट कसं होतं? का नागपूरकरांनाही पंगतीत हसायचं आहे, आणि तेवढी हिंमत होत नाही?

आणि हिंदीच्या उष्ट्याचंच बोलायचं तर मराठी मालिका लावा. 'मला मदत कर' हे वाक्य त्यांतून जवळजवळ हद्दपार झालं आहे. तिथे सगळे 'माझी मदत कर' म्हणतात, सरळ हिंदीवरून उचललेलं. सदाशिव पेठेतली नात आजीला सांगते की मी तुला खूप मिस केलं, काहीच इश्यू नाही, मी मॅनेज करते. आजी कौतुकाने हसते. त्या हसण्याने नात कानकोंडी होत नाही, कारण ते हसणं वेगळ्या जातीचं आहे. इंग्रजीची भेसळ म्हणजे मुलगी पुढे गेली आणि हिंदीची भेसळ म्हणजे मुलगा वाया गेला, असा हा शुद्धतेचा निकष. याला भाषाप्रेम म्हणतात की आणखी काही, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला तर ही शेजारपाजारची उतरंड वाटते. वरच्या पायरीवरून घेतलं तर उसनं, बरोबरीच्या पायरीवरून घेतलं तर उष्टं.

उसनवारीचा एवढा तिटकारा असलेल्यांनी एक करून पाहावं. आम्हांला लाज लावायला जे शब्द वापरता ते तपासावेत. शरम फारसीतून आली. खजील अरबी. फजितीचं मूळ अरबी. इज्जत अरबी, बदनामी फारसी, आणि जिच्या नावाने एवढा आकांत चालतो ती अब्रूसुद्धा फारसी. राज्यकारभारातले यावनी शब्द काढण्यासाठी शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. पुढे सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम चालवली, महापौर आणि दिनांक असे शब्द रूढ केले. तरी मराठी माणसाची फजिती काही मराठी झाली नाही. शतकानुशतकं तो फारसीत शरमतो, अरबीत खजील होतो, आणि भिलाईच्या पोराला विचारतो की तुझ्या बोलण्यात हिंदी कुठून आली.

तंजावरचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. तिथल्या मराठीत तमिळ मुरलं आहे, उच्चार वेगळे, वाक्याची चाल वेगळी. ती ऐकली की आमच्या याच काकांचे डोळे पाणावतात. केवढा वारसा, साडेतीनशे वर्षं जपला! त्या तमिळला कुणी भेसळ म्हणत नाही. सरफोजीराजांच्या ग्रंथालयाची आठवण निघते. मी म्हणते, पाणावू द्या, तंजावर आहेच तेवढ्या मोलाचं. पण मग भिलाईच्या वेळी डोळे कोरडे का पडतात? तमिळची तुम्हांला भीती नाही आणि हिंदीची आहे, एवढंच याचं उत्तर आहे.

ती भीती खोटी नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय निघाला आणि जूनअखेरीस तो मागे घ्यावा लागला. त्याला झालेला विरोध रास्तच होता, आणि हे मी हिंदी प्रदेशात राहून म्हणते. पण मंत्रालयाशी असलेलं भांडण भिलाईच्या पाहुण्यावर काढणं हा कुठला न्याय? मुंबईतली हिंदी ही एक सत्ता आहे. भिलाईतली हिंदी ही त्या गावाची चावडी आहे. तिथे आंध्रातून, ओडिशातून, बंगालमधून, केरळातून, पंजाबातून, बिहारमधून माणसं आली, एकाच पाळीत भट्टीवर उभी राहिली. त्यांनी एकमेकांशी कशात बोलायला हवं होतं? समासयुक्त मराठीत?

आम्ही गेलो कधी, हाही एक मुद्दा आहे, आणि तो 'परप्रांतातले' हा शब्द सहज वापरणाऱ्यांनी जरा शांतपणे ऐकावा. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत रतनपूरवर चालून आला. पुढे बिंबाजी भोसल्याने तिथे राहून राज्य केलं. रतनपूरच्या टेकडीवरचं त्याचं राममंदिर अजून उभं आहे. त्यापुढच्या काळात दुर्ग आणि रायपूर मध्य प्रांतात होते, राजधानी नागपूर. सोव्हिएत रशियाशी पोलाद कारखान्याचा करार झाला २ फेब्रुवारी १९५५ ला. त्या दिवशीही भिलाई ज्या राज्यात होती त्याची राजधानी नागपूरच होती आणि त्याच्या कारभारात हिंदीबरोबर मराठीही होती. राज्यं नव्याने आखली गेली १ नोव्हेंबर १९५६ ला, आणि नागपूर एकीकडे, दुर्ग दुसरीकडे गेलं. म्हणजे दुर्ग-रायपूरकडच्या कितीतरी मराठी घरांनी उंबरठा न ओलांडताच परप्रांत गाठला. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हा तिथे जमलेल्या मराठी माणसांपैकी कितीकांना आपण 'बाहेर' आहोत याची जाणीव असेल, कुणास ठाऊक. रेल्वेचे रूळ मुख्यतः भिलाईतच तयार होतात. आमचे रूळ तुम्हांला चालतात, मराठी तेवढी रुळावर नाही.

पण या मताचा खरा ढोंगीपणा दिसतो तो मेलेल्या माणसांच्या बाबतीत. गजानन माधव मुक्तिबोध. घरची भाषा मराठी, भाऊ शरच्चंद्र मराठीतले मोठे कवी आणि कादंबरीकार. गजानन हिंदीत लिहायचे. १९५८ पासून ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवत होते, १९६४ ला गेले. भिलाईपासून गाडीने तासाभराच्या आत हे गाव. आज विसाव्या शतकातल्या थोर हिंदी कवींमध्ये त्यांचं नाव येतं आणि ते आलं की मराठी माणसाची छाती फुगते: आपलाच माणूस! सप्र्यांचंही तेच. १९०० साली पेंड्र्याहून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढलं, हिंदीतल्या पहिल्या कथांमध्ये त्यांची एक कथा मोजली जाते, टिळकांचं 'गीतारहस्य' आणि समर्थांचा 'दासबोध' त्यांनी हिंदीत नेला. तेही आपलेच. हिंदीत गेलेला मराठी माणूस पुतळा झाला की अभिमान, आणि तीच वाट चालणारं जिवंत पोरगं समोर जेवायला बसलं की लाज. मुक्तिबोध आज एखाद्या पंगतीला आले असते तर त्यांच्या मराठीतली हिंदी कुणी काढली असती, त्या माणसाचं नाव मला सांगता येईल. पण घरचाच आहे, जाऊ द्या.

बंगाली-तेलुगूंशी तुलना करणाऱ्यांनी लिपीचा विचारच केलेला नसतो. तेलुगू मुलाला घरची भाषा वाचायची तर लिपी वेगळी शिकावी लागते. ती कुणीतरी बसून शिकवतं, त्यामुळे ती वेगळी आहे हे त्याला रोज आठवतं. आमच्या मुलाला मराठी वाचायला काही शिकावंच लागत नाही. शाळेतली देवनागरी घेऊन तो घरातलं मराठी मासिक उघडतो आणि वाचतो. हीच सोय आहे आणि हाच धोका. एका भाषेतून दुसरीत पाऊल केव्हा पडलं ते कळत नाही. यात स्वाभिमान कुठे आला? आणि एवढं असून भिलाई-रायपूरची महाराष्ट्र मंडळं चालतात, गणपती बसतो, नाटकं होतात. १९८१ साली तर रायपूरला मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, अध्यक्ष गंगाधर गाडगीळ. रायपूरकरांनी यजमानपण केलं ते मराठीची लाज वाटत होती म्हणून?

आता शेवटचा युक्तिवाद, आणि सर्वांत घातक. लाज लावली की माणूस सुधारतो. हा विचार अनेक शिक्षक आणि जवळजवळ सगळे काका करतात. त्याचा निकाल छत्तीसगडात रंगमंचावर लागून गेला आहे. नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीर रायपूरचे. त्यांनी १९५८ साली 'नाचा' हे लोकनाट्य करणारे छत्तीसगढी नट दिल्लीला नेले आणि 'मिट्टी की गाडी' त्यांच्याकडून हिंदीत बसवलं. गावच्या मैदानावर रात्र रात्र गाजवणारी ती माणसं हिंदी संवाद म्हणताना अवघडून जायची. तन्वीरांनीच पुढे लिहून ठेवलं आहे की यातलं इंगित कळायला त्यांना बरीच वर्षं लागली: नटांना त्यांच्या भाषेत बोलू द्यायला हवं होतं. त्यांनी ते करू दिलं आणि १९७५ ला 'चरणदास चोर' उभं राहिलं. तेच नाटक १९८२ ला एडिनबरोच्या महोत्सवात पारितोषिक घेऊन आलं. नट कुठून आणले होते? त्याच छत्तीसगडच्या खेड्यांतून. बदललं काय? त्यांना दुरुस्त करणं थांबलं, एवढंच.

पंडवाणी, म्हणजे महाभारताच्या कथा, गाणाऱ्या तीजनबाई तर आमच्या शेजारच्याच. भिलाईजवळचं गनियारी त्यांचं गाव, आणि त्या आमच्याच कारखान्यात नोकरीला होत्या. बाईने पंडवाणी बसून गावी असा रिवाज असताना त्या उभ्या राहून, तंबुरा गदेसारखा पेलून गायल्या. समाजाने वाळीत टाकलं. लाज नाही का वाटत, हा प्रश्न त्यांना जितक्यांदा विचारला गेला असेल तितका आम्हां कुणालाच नाही. त्या सुधारल्या नाहीत. २०१९ ला त्यांना पद्मविभूषण मिळालं ते छत्तीसगढीतच भीम आणि दुःशासन उभे करत राहिल्याबद्दल. टाउनशिपमधली साफसूफ हिंदी ज्या छत्तीसगढीला देहाती म्हणून नाक मुरडायची, तिला २८ नोव्हेंबर २००७ ला विधानसभेने राजभाषा केलं. तेव्हा कुणाच्या बोलण्याला हसून त्याला गप्प बसवण्याचा हा खेळ आम्हांला भिलाईत दोन्ही अंगांनी पाहायला मिळाला आहे. त्याने भाषा सुधारल्याचं एकही उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. माणूस दुसऱ्या भाषेत निघून गेल्याची मात्र हवी तेवढी.

हो, भिलाईत अशी मराठी घरं आहेत जिथे आता मराठी बोलली जात नाही. ते मी कशाला नाकारू? पण त्या घरांतून विचारा, कधी थांबली. पुष्कळदा उत्तर मिळतं की मुलं सुट्टीत महाराष्ट्रात जाऊन आली, त्यानंतर. घरी आजीशी वाटेल तसं बोलणारी पोरं परत आली ती तोंडात कुलूप घालून. काय झालं ते सांगत नाहीत. भिलाईच्या हिंदीने जे काम चाळीस वर्षांत केलं नाही ते तुमच्या एका मे महिन्याने उरकलं. ही मुलं मराठी सोडतात तेव्हा त्यांना भाषा नकोशी झालेली नसते, परीक्षक नकोसे झालेले असतात.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवायचं तर आम्ही, आत घ्यायचं तर आपण. हा भेद द्रविड भाषांच्या शेजाराने आला असं बहुतेक अभ्यासक मानतात, म्हणजे हीसुद्धा भेसळच, आणि मराठीतली सर्वांत गोड. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा सगळे म्हणत होते, आपली मराठी. त्या 'आपली'त भिलाई होती की नव्हती? असेल तर आमच्या 'राहिलो'सकट आहे. नसेल तर आमच्या लाजेची चौकशी तुम्ही कुठल्या नात्याने करता? परक्याच्या घरातल्या भाषेवर बोलण्याचा अधिकार तुम्हांला दिला कुणी?

आम्ही अशीच बोलणार आहोत. पोरांनाही अशीच बोलायला सांगणार आहोत, जमेल तिथे प्रमाण, नाही तिथे घरची, आणि अडलं तिथे खुशाल हिंदी. पण बोलायचं, आणि समोरच्याच्या भुवईकडे बघायचं नाही. हसणाऱ्याला वाटलंच तर त्याने कानकोंडं व्हावं. आम्हांला लाज वाटते का म्हणून विचारताय? नाही वाटून राहिली. काऊन वाटावी?